‘खुलं’ नेटवर्क की ‘मुक्त’?

पार्ल्याच्या एका वाचकांनी विचारलंय: वादविवाद स्पर्धेसाठी ‘शत्रुराष्ट्रांना मुक्त संगणकजाळ्यांत प्रवेश असावा का?’ असा विषय ठरतोय. समितीतल्या एकांना ‘मुक्त’ खटकतं, त्यांना ‘खुल्या’ हवं. बरोबर कोण?

माझं मत ‘खुल्या’ला. दोन्ही शब्द पुढे कुठला प्रत्यय मागतात ते बघा. मैदान कोणाला खुलं? स्पर्धा कोणाला खुली? इथे ‘-ला’ लागतो. ‘मुक्त’ विचारतो, कशापासून? म्हणून कर्जमुक्त, टोलमुक्त. ‘सर्वांना मुक्त’ म्हटलं की कैदी सोडल्यासारखं वाटतं. ‘खुलं’ म्हणताना दार आणि दारावरचा माणूस गृहीतच असतो. आज उघडलं ते उद्या लावताही येतं.

प्रत्यक्षातही तसंच घडलंय. गिटहब, म्हणजे प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात आणि एकत्र काम करतात ती वेबसाइट, सगळ्या जगाला खुलं मानलं जायचं. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांपायी इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या खात्यांवर मर्यादा आल्या. इराणसाठी त्या उठल्या जानेवारी २०२१ मध्ये, तेही अमेरिकी सरकारने परवाना दिल्यावर. लिनक्स या संगणकप्रणालीची गंमत तर आणखी बोलकी. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, देखभालकर्त्यांच्या यादीतून काही रशियन नावं वगळली गेली. कोड मात्र मॉस्कोतल्या माणसालाही उतरवून घेता येतो, बदलता येतो, वाटता येतो, कारण त्याच्यावरचा जीपीएल नावाचा मुक्त सॉफ्टवेअरचा परवानाच तसा आहे. तेव्हा कोड मुक्त आणि कामाची जागा खुली, तीही सगळ्यांना नाही. तुमच्या स्पर्धेतला वाद या जागेबद्दलचा आहे.

बाकी शब्दांबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. ‘खुली जाळी’ लिहू नका. मुंबईकराला आधी खिडकीची जाळी आठवेल आणि मग कबुतरं. सरळ ‘नेटवर्क’ म्हणा. ‘शत्रुराष्ट्र’ म्हटलं की अर्ध्या स्पर्धकांचं उत्तर ठरूनच गेलं, ‘प्रतिस्पर्धी’ बरं. आणि ‘प्रवेश’ तर काढाच. त्यात आपण आत आणि ते बाहेर असं चित्र उभं राहतं. सी-मी-वी-४ ही समुद्राखालची केबल कराचीलाही टेकते आणि मुंबईलाही. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तच्या किनाऱ्याजवळ ती तुटली तेव्हा इंटरनेट दोन्ही देशांत रखडलं होतं.

विषय असा लिहा: ‘प्रतिस्पर्धी राष्ट्रांना खुली नेटवर्क वापरू द्यावीत का?’ ‘द्यावीत’ म्हणजे कोणी, हे पहिल्या वक्त्याने विचारलं तर त्याचे दोन गुण वाढवा.