हॉटेल दिसलं की रस्ता बदलते

पत्र असं आहे, थोडं कापून:

«ताई, चार महिन्यांपूर्वी आमच्या कोपऱ्यावर एका जोडप्याने हॉटेल काढलं. दोघं तिशीतली, साठवलेलं सगळं त्यात घातलेलं. पहिले काही दिवस गर्दी, मग ओस. काचेतून दिसायचं, तो पुसलेलंच टेबल पुन्हा पुसतोय आणि ती गल्ल्यावर बसून दाराकडे बघतेय. मला बघवेना. सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं, ‹आपलीच माणसं आहेत, येत्या रविवारी सगळे तिथेच जेवू.› साठ-सत्तर माणसं आली! पुढच्या रविवारी पंधरा आली. त्याच्या पुढच्या रविवारी फक्त आम्ही चौघं. माझ्या सांगण्यावरून वीसेक जणांनी न जेवताच पाच-पाच तारे दिले, त्याचाही उपयोग झाला नाही. खरं सांगू? जेवण कधी बरं असतं, कधी नाही. वेळ फार लागतो. एकच पदार्थ माझा मुलगा पुन्हा पुन्हा मागतो, तो मेनूच्या सहाव्या पानावर तळाशी आहे. आता ती विचारते, ‹ताई, सोसायटीचे लोक का येत नाहीत?› मी म्हणते, ‹येतील हो.› सगळ्यांकडून वर्गणी काढून त्यांना भांडवल द्यावं असं मनात आहे. नवरा म्हणतो, आपण काय ठेका घेतलाय का? हल्ली ते हॉटेल दिसलं की मी पलीकडच्या फुटपाथवर जाते. माझी छत्री तिथे राहिलीय, तीन आठवडे झाले, ती आणायचीही हिंमत होत नाही. — एक शेजारीण»

ताई म्हणालीस, म्हणून अगं-तुगंच करते.

तुझं मन चांगलं आहे हे पत्राच्या दुसऱ्या ओळीतच कळलं. पण त्या रविवारी तू त्यांना मदत केलीस असं तुला वाटतंय, तिथे माझं तुझ्याशी जमत नाही. त्या रविवारने त्यांचं नुकसानच झालं असावं.

त्या दिवशी स्वयंपाकघरात काय झालं असेल ते डोळ्यांसमोर आण. वीस-पंचवीस माणसांच्या अंदाजाने माल आणलेला, एक आचारी, एक मदतनीस, बाहेर वाढायला बायको. दीड तासात साठ-सत्तर माणसं. पहिल्या चार टेबलांना नीट मिळालं असेल. पुढच्यांना उशिरा, त्याच्या पुढच्यांना गार, आणि शेवटच्यांना «ते संपलंय, हे चालेल का?» तुझ्या शब्दाखातर आलेली ही माणसं तोंडावर काही बोलली नाहीत. घरी जाऊन म्हणाली, एकदा केलं, झालं आपलं कर्तव्य. पुढच्या रविवारी त्या बिचाऱ्याने साठ जणांचा माल भरला आणि आले पंधरा. उरलेलं कुठे गेलं हे तुला विचारायला नको.

२०११ साली अमेरिकेतल्या बफेलो शहरात एका माणसाने अशीच शक्कल काढली होती. ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी एका छोट्या दुकानात जमायचं आणि प्रत्येकाने थोडीफार खरेदी करायची. ‹कॅश मॉब› या नावाने ही कल्पना मग बऱ्याच ठिकाणी पोचली. दुकानाला ती शोभते. फळीवरच्या शंभर वस्तू तासाभरात विकल्या गेल्या तर दुकानदार खुश, उरल्या तर उद्या आहेतच. हॉटेलात तसं नाही. शेगड्या चारच्या आठ होत नाहीत आणि आजचं उरलेलं उद्याला चालत नाही.

हॉटेलचं गणित तुला माहीत असेलच असं नाही, म्हणून ढोबळ सांगते. बिलाचे १०० भाग केलेस तर साधारण ३० भाग कच्च्या मालात जातात, जवळपास तेवढेच पगारात. उरलेल्यातून भाडं, वीज, गॅस, फुटलेल्या प्लेटा, कर्जाचा हप्ता. मालकाच्या हातात मूठभर राहिलं तरी ते भाग्याचं. यातलं भाडं आणि पगार माणसं आली तरी द्यायचे, नाही आली तरी द्यायचे. मंगळवारी संध्याकाळी आचारी उभा आहे, दिवे चालू आहेत, टेबलं रिकामी आहेत. अशा वेळी चौघांचं एक टेबल आलं, तर मालाचा खर्च वजा जाता बाकी बहुतेक सगळं थेट भाड्याच्या कामी येतं. रविवारी भरलेल्या हॉटेलात तेच टेबल आलं तर फक्त रांग लांबते.

तेव्हा रविवारचा नाद सोड. तुमच्यातली १५ घरं मनापासून तयार असतील आणि प्रत्येकाने पंधरवड्यातून एकदा आठवड्यातल्या मधल्या वारी जायचं ठरवलं, तर त्यांना मधल्या वारी रोजचं निदान एक टेबल मिळतं. ऐकायला किती किरकोळ वाटतं ना? पण हे टेबल धरून माल भरता येतो. मात्र हजेरी घेऊ नकोस गं बाई. कोण गेलं, कोण नाही गेलं, याची चर्चा ग्रुपवर सुरू झाली की संपलंच. आणि पार्सल हवं असेल तर ॲपवरून मागवण्याऐवजी फोन करून स्वतः जाऊन आणा. ही ॲपं बऱ्याचदा बिलाचे १५ ते ३० टक्के कापून घेतात. वर सांगितलेल्या गणितात एवढे टक्के कुठून काढायचे, तूच सांग.

त्या ताऱ्यांबद्दल मात्र मी तुला रागावणार आहे. न जेवता पाच तारे म्हणजे खोटी साक्ष. ते वाचून दुसऱ्या टोकाकडून एखादं कुटुंब आशेने येतं, पाऊण तास ताटकळतं, आणि मग एक तारा देतं, तोही चार ओळी पोटतिडकीने लिहून. ज्यांनी दिलेत त्यांना हळूच काढायला सांग. जेवलेल्यांनी काय आवडलं ते पदार्थाचं नाव घेऊन दोन ओळींत लिहावं. पुरे.

वर्गणी तर मुळीच नको. तिने आधी आपुलकीच नासते. वर्गणी दिलेला माणूस गिऱ्हाईक राहत नाही. तो आत शिरतो तोच मालकाच्या तोऱ्यात. पंखा का चालू, एवढी माणसं कशाला ठेवलीत, आम्ही दिलेल्या पैशांचं काय केलंत. त्या दोघांना रोज दहा जणांना हिशेब द्यावा लागेल. आणि हॉटेल बंद पडलंच, तर सगळे पहिल्यांदा तुझ्या दारात येतील. कुपनं आगाऊ विकायची हा दुसरा मार्ग आहे. २०२० च्या टाळेबंदीत जगभरातल्या हॉटेलांनी तो धरला होता. पण तो पैसा म्हणजे आज हातात पडलेलं आणि उद्या जेवण घालून फेडायचं कर्ज असतं. घ्यायचंच तर बुडालं तरी हळहळणार नाही एवढंच घे, आणि दुसऱ्याला आग्रह करू नकोस.

आता मुख्य गोष्ट, जी तू पत्रात जाता जाता लिहून गेलीस. जेवण कधी बरं, कधी नाही, वेळ लागतो. हे सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. नसेल तर त्या दोघांनाच. ती तोंडाने विचारतेय, «लोक का येत नाहीत?» आणि तू म्हणतेस, «येतील हो.»

मीही असंच म्हणत असे. फार वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एका गृहस्थाने छोटी खानावळ काढली होती. मी आठवड्यातून एकदा जायची, अर्धं ताट टाकायची, हात धुताना «छान होतं हं» म्हणायची. सात-आठ महिन्यांनी खानावळ बंद झाली. नंतर एकदा ते बसस्टॉपवर भेटले. बोलता बोलता म्हणाले, «तुम्ही तर नेहमी छान म्हणायचात.» टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कोडं पडलं होतं. तेवढ्यात एक बस आली आणि मी चढले, ती माझी नव्हतीच.

म्हणून सांग. पण कसं सांगायचं ते ऐक. दुपारची गर्दी ओसरल्यावर, संध्याकाळची सुरू व्हायच्या आधी जा. एकटी जा, शिष्टमंडळ नको. उंटावरून शेळ्या हाकणारे त्यांना रोज चार भेटत असतील, त्यात तुझी भर नको. दहा तक्रारींची यादी नेऊ नकोस, एकच गोष्ट ने. माझ्या मते वेळेची ने, कारण चवीवरून मतभेद होतात, घड्याळावरून होत नाहीत. «आम्ही आलो तेव्हा ऑर्डर दिल्यापासून इतकी मिनिटं लागली, मुलं कंटाळली, म्हणून पुन्हा यायला टाळतो.» मुलं कंटाळली हे पुढे, मी टाळते हे मागे. मग गप्प बस. त्यांना बोलू दे.

आणि बोलणं निघालं तर एक विचार: «तुमच्याकडचं असं काय आहे, जे खायला माणसाने मुद्दाम वाट वाकडी करून यावं?» झटकन उत्तर आलं तर आशा आहे. दोघं एकमेकांकडे बघायला लागली, तर दुखणं तिथेच आहे.

हे मी हवेत बोलत नाही. दहातली नऊ हॉटेलं पहिल्याच वर्षी बुडतात असं लोक छातीठोकपणे सांगतात. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोलंबस शहरातल्या हॉटेलांचा अभ्यास करून एच. जी. परसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली निष्कर्ष छापले. पहिल्या वर्षात बंद पडणारी साधारण २६ टक्के निघाली. तीन वर्षांत मात्र हा आकडा ६० च्या घरात गेला. मला जास्त लक्षात राहिलं ते त्यांनी मालकांशी केलेलं बोलणं. टिकलेल्यांना आपलं हॉटेल नेमकं कशाचं आहे हे स्वच्छ सांगता येत होतं, बुडालेल्यांना धड सांगता येत नव्हतं. संसाराची ओढाताण हेही बुडण्याचं एक मोठं कारण निघालं. नवरा आत, बायको गल्ल्यावर, घरी कोण हे तू लिहिलेलं नाहीस. तेही बघ. एखादी संध्याकाळ त्यांचं पोर तुमच्याकडे खेळलं, तर कुठल्याही कुपनापेक्षा ती मदत मोठी.

तुझ्या पत्रातलं सहावं पान माझ्या डोक्यातून जात नाहीये. म्हणजे मेनू निदान सहा पानांचा! एवढे पदार्थ तयार ठेवायचे तर माल किती भरायचा, त्यातला नासणार किती, आणि एक आचारी चार टेबलांचे बारा वेगवेगळे पदार्थ एकाच वेळी कसा काढणार? वेळ लागतो तो कदाचित इथेच. घाबरलेला माणूस मेनू वाढवत नेतो. गिऱ्हाईक येईना की त्याला वाटतं, काहीतरी कमी पडतंय, हेही ठेवू, तेही ठेवू. आणि पोराला जे पुन्हा पुन्हा खावंसं वाटतं, ते तळाला गाडलं जातं. हे निदान तू करू नकोस, तू काही वैद्य नव्हेस. पण «माझा मुलगा फक्त ह्यासाठी हट्ट करतो, हे तुम्ही पहिल्या पानावर का नाही ठेवत?» एवढं विचारायचा हक्क तुला आहे. कुठल्याही बाजार-सल्लागारापेक्षा हट्ट करणाऱ्या पोराचं म्हणणं त्यांना पटेल.

वाईट वाटेल का त्यांना? वाटेल. एखादा आठवडा ती तुझ्याशी तुटक बोलेल. मग काहीतरी बदलेल किंवा बदलणारही नाही. ते तुझ्या हातात नाही. नवरा ठेक्याचं म्हणाला ते मला अर्धं पटतं. हॉटेल चालवणं हा त्यांचा धंदा आहे, तुझी परीक्षा नव्हे. उरलेलं अर्धं मात्र त्याला माझ्यातर्फे सांग: शेजाऱ्याला खरं सांगायला ठेका लागत नाही.

आणि एवढं करूनही ते बंद झालं तर? तर त्या दिवशी फुटपाथ बदलू नकोस. टेबलं-खुर्च्या हलवायला माणसं लागतात, भांडी विकायला ओळखी लागतात, आचाऱ्याला दुसरीकडे काम लागतं. ग्रुपवर एक संदेश त्या दिवशी टाक. उद्घाटनाला पेढे खायला सगळे असतात, शटर ओढायला कोणी नसतं.

ता. क. छत्री आण. उद्याच जा. पण भूक नसेल तर भिडेखातर काही मागवू नकोस. «छत्री राहिली होती» म्हण, छत्री घे, दोन शब्द बोल आणि त्याच फुटपाथवरून घरी ये. मंगळवारी मुलाला घेऊन जाशीलच.