'बंद पडला', 'बारगळला' की 'गुंडाळला'?

प्रश्न असा : कमोडोर ६५ हा घरगुती संगणक कमोडोर कंपनीने तयार केला, पण बाजारात आणलाच नाही. त्याबद्दल मराठीत लिहिताना 'बंद पडला' म्हणावं की 'बारगळला'?

'बंद पडला' अजिबात नको. चालू असलेली वस्तू बंद पडते, आणि संगणक बंद पडला म्हटलं की वाचणाऱ्याला तो बिघडला असंच वाटतं. 'बंद झाला' म्हणायचं तर ते कमोडोर ६४बद्दल. तो १९८२पासून विकला जात होता आणि १९९४मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. ६५ची विक्री कधी सुरूच झाली नव्हती.

'बारगळला' बरंच जवळचं आहे, पण त्यात कर्ता दिसत नाही. पाऊस आला, सहल बारगळली. पैसे जमले नाहीत, घराचा बेत बारगळला. शिवाय बारगळतो तो बेत, आणि इथे बेताच्या पुष्कळ पुढे मजल गेली होती. यंत्र हाताशी होतं : अंगचीच साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्ह, १२८ केबी मेमरी, ४०९६ रंगांतले २५६ रंग एका वेळी दाखवणारी व्हीआयसी-३ चिप, आवाजासाठी ६४मधल्या एका सिड चिपच्या जागी दोन. एवढं झाल्यावर १९९१मध्ये कंपनीनेच काम थांबवलं. तिचाच अमिगा हा दुसरा घरगुती संगणक तेव्हा दुकानात होता. निर्णय कुणीतरी घेतला आहे, तेव्हा क्रियापद सकर्मकच हवं : 'कंपनीने कमोडोर ६५ गुंडाळला.'

मी तर 'बासनात गुंडाळला' लिहीन. बासन म्हणजे पोथी किंवा दप्तर बांधून ठेवायचं फडकं. त्यात बांधलेली वस्तू नजरेआड होते, पण नष्ट होत नाही. ६५चं तसंच झालं. १९९४मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं, मालमत्तेची विक्री झाली आणि त्यात हे संगणक हौशी लोकांच्या हाती लागले. पुढे अशाच हौशी मंडळींनी त्याच्या आराखड्यावर बेतलेला मेगा६५ हा संगणक घडवला आणि २०२२मध्ये तो ग्राहकांच्या घरी पोचू लागला.

६५च्या या संगणकांना इंग्रजीत 'प्रोटोटाइप' म्हणतात. त्यासाठी 'आद्यरूप' सुचवलं जातं, पण त्यातून एकच पहिली वस्तू डोळ्यांपुढे येते. ६५चे असे अनेक संगणक बनले आणि त्यांच्यातल्या रॉमच्या (चिपमध्ये कायमच्या भरलेल्या मूळ प्रोग्रॅमच्या) आवृत्त्याही वेगवेगळ्या होत्या. तिथे सरळ 'चाचणीचे नग' लिहा.