करोनातील कमानी आणि क्ष-किरण

प्रश्न : सूर्याच्या करोनातील (सर्वांत बाहेरच्या वातावरणातील) प्रचंड कमानींचा अभ्यास क्ष-किरण चित्रांवरून का करतात? गच्चीवरच्या दुर्बिणीला सौरगाळणी लावून त्या का दिसत नाहीत?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपल्या दुर्बिणीतून दिसतो तो सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापमानाचा सूर्यपृष्ठभाग; त्याच्या तेजापुढे अतिविरळ करोनाचा प्रकाश लोपून जातो. करोनाचे तापमान मात्र १० लाख अंशांहून अधिक असल्याने तो क्ष-किरण उत्सर्जित करतो आणि पृष्ठभाग ते जवळजवळ करतच नाही, म्हणून या चित्रांत सूर्यबिंब काळे व चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवलेल्या तप्त वायूच्या कमानी उजळ दिसतात. हे किरण पृथ्वीचे वातावरण शोषून घेते. त्यामुळे दुर्बीण अवकाशात न्यावी लागली : १९७३ मध्ये स्कायलॅब हे अमेरिकी अवकाशस्थानक, १९९१ मध्ये जपानचा योहको आणि २००६ मध्ये हिनोदे हा उपग्रह. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन सक्रिय (तीव्र चुंबकीय क्षेत्राच्या) प्रदेशांना, कधी सूर्याचे विषुववृत्त ओलांडूनही, जोडणाऱ्या लाखो किलोमीटर लांबीच्या कमानी मला सर्वांत विलक्षण वाटतात. वेगवेगळ्या गाळण्यांतून टिपलेली एकाच कमानीची चित्रे ताडून पाहिली, की तिच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो. अशा अनेक कमानींचे पाय सौर डागांच्या परिसरात रोवलेले असतात, आणि ते डाग तुमच्या गच्चीवरून नक्की दिसतील. मात्र सौरगाळणी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाशीच घट्ट बसवावी.