विंडोज नको असेल तर?

प्रश्न : मुलीला अभियांत्रिकीसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे आणि तिला त्यावर विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत संगणकप्रणाली हवी आहे. वाशी आणि ठाण्यातील दुकानांत विंडोज ११ घातलेलेच लॅपटॉप दाखवले जातात. ‘विंडोजचे पैसे कमी करा’ म्हटले की विक्रेते हसतात. जे वापरायचेच नाही, त्याचे पैसे आम्ही का मोजावेत?
— एक पालक, नेरूळ

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, पण दुकानदाराशी घासाघीस करून ती सुटणारी नाही. विंडोजचा परवाना कारखान्यातच लॅपटॉपला जोडला जातो आणि त्याची किंमत उत्पादक व मायक्रोसॉफ्ट यांच्या करारात ठरते. बिलात ती वेगळी येत नसल्याने वाशीतला विक्रेता वजा करणार तरी काय? पूर्वी तर मायक्रोसॉफ्टची प्रणाली घातलेली असो वा नसो, विकलेल्या प्रत्येक संगणकामागे उत्पादकाने रॉयल्टी भरावी, असे करार होत. ते १९९४ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या तडजोडीनंतर थांबले. न वापरलेल्या विंडोजचे पैसे परत मिळण्याबाबत न्यायालयांचेही एकमत नाही. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ग्राहकाचा परताव्याचा हक्क मान्य केला, तर २०१६ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने, प्रणालीसह संगणक विकणे एवढ्यानेच अनुचित व्यापारी प्रथा ठरत नाही, असा निर्वाळा दिला. महाविद्यालय तोंडावर आले असताना आपण या वादात पडू नये, असे माझे मत आहे.

काही उत्पादक उबुंटू किंवा फ्रीडॉस (एक साधी, मोफत प्रणाली) घातलेली मॉडेल काढतात, पण ती दुकानात क्वचितच मांडलेली असतात; संकेतस्थळावर शोधून मॉडेल क्रमांकानिशी मागणी नोंदवावी. असा ‘डॉसवाला’ लॅपटॉप घेताना ‘विंडोज फुकट टाकून देतो’ असे कोणी म्हणाले, तर ती बहुधा विनापरवाना प्रत असते, हे ध्यानात ठेवावे. डेस्कटॉप चालणार असेल, तर लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग जोडून घेतल्यास प्रणालीचा प्रश्नच उरत नाही.

विंडोजवालाच घ्यावा लागला, तर उबुंटूचा पेनड्राइव्ह तयार करून सोबत न्यावा आणि पैसे देण्यापूर्वी दुकानातील प्रदर्शनाच्या नगावर, काहीही इन्स्टॉल न करता, ती चालवून पाहू देण्याची विनंती करावी. वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, टचपॅड नीट चालतो का आणि झाकण मिटून उघडल्यावर पडदा पुन्हा उजळतो का, एवढे पाहिले तरी पुढचा पुष्कळ मनस्ताप वाचतो.

घरी आणल्यावर विंडोज लगेच पुसून टाकू नये. सॉलिडवर्क्ससारखी काही सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालतात आणि अभ्यासक्रमात त्यांची गरज पडू शकते. त्यामुळे डिस्कचा एक भाग मोकळा करून दोन्ही प्रणाली शेजारी ठेवणे सोयीचे. मात्र विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आधीच कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, केलेली असते. बायोसमधील (लॅपटॉप सुरू होताना प्रथम चालणाऱ्या प्रोग्राममधील) बूटच्या, म्हणजे कोणती प्रणाली कशी सुरू व्हावी याच्या, सेटिंगला हात लावण्यापूर्वी डिस्कची ४८ अंकी रिकव्हरी की (ती उघडण्याचा राखीव क्रमांक) मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून कागदावर उतरवून घ्यावी. ती हाताशी नसताना लॅपटॉपने मागितली, तर विंडोजमधील फायली उघडता येत नाहीत.