लिंडसे यांना व्हाइट हाउसपर्यंत न्यायचं असेल तर

‘असं घडलं असतं तर’ प्रकारच्या पर्यायी इतिहासाच्या कथेसाठी न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर जॉन लिंडसे यांची १९७२ ची अमेरिकी अध्यक्षपदाची मोहीम निवडलीत, छान. पण इतिहास जिथून वेगळी वाट घेतो ते वळण फ्लोरिडात ठेवू नका. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत ते पाचवे आले आणि पहिले आलेले अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस ४२ टक्क्यांवर होते. एवढी दरी एका भाषणाने बुजत नाही. मागे जा. न्यूयॉर्कमधला १९६८ चा शिक्षकांचा संप, फेब्रुवारी १९६९ च्या हिमवादळानंतर दिवसेंदिवस साफ न झालेले क्वीन्सचे रस्ते: मायामीत स्थायिक झालेले न्यूयॉर्ककर हा राग सोबत घेऊन गेले होते. यातलं एकच बदला. दोन्ही बदललंत, तर लेखकाने सोयीचं दान पाडून घेतलं असंच वाटेल.

रिपब्लिकन पक्षातून डेमोक्रॅटिक पक्षात त्यांनी केलेलं पक्षांतरही प्रत्यक्षातल्या ऑगस्ट १९७१ च्या बरंच आधी हवं, नाहीतर जुने डेमोक्रॅट कार्यकर्ते त्यांना उपराच मानणार. मग आकडेमोड: १९७२ मध्ये उमेदवारीला पक्षाच्या अधिवेशनातले १,५०९ प्रतिनिधी लागत होते. त्यातले २७१ एकट्या कॅलिफोर्नियात, आणि तेव्हा तिथे जिंकणारा सगळेच नेत असे. प्रत्यक्षात उमेदवारी जिंकलेल्या जॉर्ज मॅकगव्हर्न यांचं काय करणार तेही आधी ठरवा, कारण व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातला मतदार दोघांचा एकच. पहिल्या मसुद्यात मॅकगव्हर्न बहुधा कारणाशिवाय गायब होतात!