कोसोवोत ऑटोमन तुर्कांशी लढलेले सर्ब पुढे त्यांच्याच सैन्यात का लढले?

थोडक्यात सांगायचं तर मांडलिकीमुळे. १३८९ च्या कोसोवोच्या लढाईत सर्बांचा शासक लाझार मारला गेला, ऑटोमन सुलतान मुरादही मारला गेला. पण ऑटोमनांकडे दुसरं सैन्य उभं करायची ताकद होती, सर्बियाकडे उरली नव्हती. लाझारची विधवा मिलित्सा हिने मांडलिकत्व पत्करलं. धाकटी मुलगी ओलिवेरा नव्या सुलतानाच्या, बायझिदच्या जनानखान्यात गेली. मुलगा स्टेफान याच्यावर खंडणी आणि हाक येताच फौज घेऊन हजर होणं, ही दोन्ही ओझी आली.

फौज नावापुरती नव्हती. १३९६ साली निकोपोलिसला (आजच्या बल्गेरियात) ऑटोमनांशी लढताना हंगेरीचा राजा सिगिसमुंड जोरात असताना स्टेफानच्या चिलखती घोडेस्वारांनी त्याच्यावर चाल केली आणि लढाईच फिरली. ख्रिस्ती राजाविरुद्ध ख्रिस्ती स्वार! १४०२ मध्ये अंकाऱ्याला तैमूरसमोर ऑटोमन फळी कोसळत होती, तेव्हाही हेच सर्ब बायझिदला सोडवायला पुन्हा पुन्हा तुटून पडले. तरी बायझिद कैद झालाच.

याला गद्दारी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. आदल्याच पिढीचं रक्त सांडलेलं, घरची मुलगी सुलतानाच्या घरात, आणि नकार दिला तर उरलेला मुलूखही जाणार. बायझिद संपताच स्टेफानने बायझंटाईन (कॉन्स्टँटिनोपलच्या) दरबाराकडून ‘डेस्पॉट’ हा सम्राटाखालोखालचा किताब मिळवला. पुढे तो त्याच सिगिसमुंडच्या बाजूला गेला आणि त्याच्याकडून मिळालेलं बेलग्रेड त्याने राजधानी म्हणून उभारलं.