प्रोलॅक्टिन वाढले म्हणजे गाठच असे नव्हे

सर्ट्रालीन हे नैराश्यावरचे औषध सुरू केल्यावर आपल्याला मळमळू लागले, त्यावर मेटोक्लोप्रमाइड हे मळमळीचे औषध मिळाले आणि आता रक्तातील प्रोलॅक्टिन (दूध तयार करायला लावणारे संप्रेरक) वाढलेले पाहून, ते स्रवणाऱ्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ आहे का हे पाहण्यासाठी एमआरआय सुचवला आहे, असे आपण लिहिले आहे. नेमके हेच माझ्याही वाट्याला आले होते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी डॉक्टर नाही, तेव्हा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

या मळमळीचे मूळ बरेचसे आतड्यात असते. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन तिथेच तयार होते. सर्ट्रालीनमुळे ते पेशींत परत शोषले जात नाही, आतडे व मेंदू जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूवरील ५-एचटी३ रिसेप्टरांना (सेरोटोनिन जिथे चिकटून काम करते त्या जागांना) चेतवते आणि मेंदूला उलटीचा संदेश पोहोचतो. बहुतेकांचा हा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो. गोळी जेवणानंतर घेतल्यास तो सुसह्य होतो.

प्रोलॅक्टिनचा मार्ग वेगळा आहे. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातील ५-एचटी१ए व ५-एचटी२ गटाच्या सेरोटोनिन रिसेप्टरांमार्फत सेरोटोनिन प्रोलॅक्टिन वाढवू शकते, पण सर्ट्रालीनने होणारी वाढ सहसा किरकोळ असते. प्रोलॅक्टिनला खरा लगाम असतो तो डोपामिन या मेंदूतील दुसऱ्या रसायनाचा, आणि मेटोक्लोप्रमाइड डोपामिनचा डी२ रिसेप्टरच अडवते. त्यामुळे पातळी कित्येक पटींनी चढू शकते. डोम्पेरिडोन या मळमळीच्या दुसऱ्या औषधाचेही तसेच.

मी ज्या दवाखान्यात गेलो, तिथे कोणती औषधे चालू आहेत, हे कोणीही विचारले नाही. मी औषधांची चिठ्ठी टेबलावर ठेवली, तर ती घडीही न उलगडता माझ्याकडे परत सरकवली गेली आणि थेट गाठीची भाषा सुरू झाली. एमआरआय झाला, डोळ्यांची तपासणी झाली, घरचे सगळे धास्तावले. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी मेटोक्लोप्रमाइड थांबवून रक्त पुन्हा तपासले आणि प्रोलॅक्टिन मर्यादेत आले. एका प्रश्नाने टळला असता असा तो सारा मनस्ताप होता, आणि त्याचा राग मला आजही येतो. प्रोलॅक्टिन तपासायला सांगणाऱ्याने आधी औषधांची यादी वाचलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून मेटोक्लोप्रमाइड निदान तीन दिवस थांबवून तपासणी पुन्हा करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. सर्ट्रालीन मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका. मळमळीसाठी ५-एचटी३ अडवणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉनचा पर्याय विचारता येतो, कारण ते डी२च्या वाटेला जात नाही. पण त्याने बद्धकोष्ठता होऊ शकते आणि हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असल्यास आधी ईसीजी पाहावा लागतो. सतत डोके दुखत असेल किंवा बाजूचे दिसेनासे झाले असेल, तर मात्र एमआरआय पुढे ढकलू नका.